पूररेषा आणि गावकुसाची रेषा

नाशिकमध्ये पूर मोजण्याची एक जुनी रीत आहे. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. पाणी त्याच्या पायाला लागले की पूर आला, कमरेला लागले की मोठा पूर, आणि डोके बुडाले की महापूर. नारोशंकराच्या घंटेपर्यंत पाणी चढल्याच्या आठवणी जुने नाशिककर मोठ्या हौसेने सांगतात. वर्तमानपत्रे मारुतीचे छायाचित्र छापतात, आणि शहराच्या पुराचा इतिहास त्या छायाचित्रात मावतो.

सातपूरला नासर्डीच्या काठी आमची वस्ती होती. आमचे मोजमाप निराळे होते. पाणी नळाच्या ओट्याला लागले की बायका भांडी वर ठेवीत. विहाराच्या पहिल्या पायरीला लागले की म्हाताऱ्यांना उठवीत. तिसऱ्या पायरीला लागले की घर सोडायचे. हे मोजमाप कोणत्याही वर्तमानपत्रात आले नाही, कोणत्याही कचेरीत नोंदले गेले नाही. मी इतिहासाचा प्राध्यापक आहे. पुराव्यावाचून इतिहास नाही, असे विद्यार्थ्यांना शिकवतो. परंतु पुरावा कोणाचा जपला जातो आणि कोणाचा वाहून जातो, हा प्रश्न या दोन मोजमापांमुळे माझ्यापुढे प्रथम उभा राहिला.

आज हवामानबदलाच्या संदर्भात समुद्रकिनारा व नदीकाठ यांच्या जमीनवापराचे नियम बदलण्याची चर्चा चालू आहे. अभियंते, नगररचनाकार, पर्यावरणवादी आणि बांधकाम व्यावसायिक आपापली बाजू मांडतात. ज्यांची घरे पाण्याखाली जातात ते मात्र या चर्चेत 'अतिक्रमण' या एका शब्दाच्या रूपानेच हजर असतात. म्हणून हा प्रश्न आपल्या चळवळीने हाती घेतला पाहिजे, असे मला वाटते. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१

सखल जागेत कोण राहतो, हा भूगोलाचा प्रश्न आहे असे पाठ्यपुस्तके मानतात. आपल्या देशात तो समाजव्यवस्थेचा प्रश्न आहे. अनेक गावांत गावठाण चढावर आणि महारवाडा, मांगवाडा उताराला, अशी मांडणी असे. गावातून वाहून आलेले पाणी ज्या बाजूला जाते त्या बाजूला आमची घरे. शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेने आखलेली ही रेषा पावसाळ्यात पाण्याची रेषा बनत असे. कागदावर नगररचनेचे नियम येण्याच्या कितीतरी आधी जमीनवापराचा हा पहिला नियम होता आणि तो मोडण्याची शिक्षा फार कडक होती.

नाशिकला हे वेगळे सांगायला नको. २ मार्च १९३० रोजी याच गोदावरीच्या काठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि मंदिराची दारे बंद झाली. त्या लढ्याचे एक प्रमुख नेते दादासाहेब गायकवाड याच जिल्ह्यातले. मंदिराच्या दारातून दादासाहेब पुढे जमिनीच्या प्रश्नाकडे वळले, ही गोष्ट आपण पुरेशी ध्यानात घेत नाही. १९५९ आणि १९६४-६५ चे भूमिहीनांचे सत्याग्रह पडीक, सरकारी जमीन कसणाऱ्याला मिळावी यासाठी होते. हजारो माणसे तुरुंगात गेली. त्या मागणीचा अर्थ एवढाच होता की, या देशात आम्हाला पाय ठेवायला कायदेशीर जागा द्या.

ती जागा खेड्यात मिळाली नाही तेव्हा माणसे शहराकडे निघाली. सातपूरची औद्योगिक वसाहत १९६२ मध्ये उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात माझे आजोबा सिन्नर तालुक्यातले गाव सोडून इथे आले. कारखान्यांना कामगार हवे होते. कामगारांच्या घरांची सोय मात्र सर्वांसाठी नव्हती. कायम कामगाराला निदान पत खोलीची. रोजंदारीवरचा, हमाल, बिगारी, सफाईवाला यांनी कुठे राहायचे? ज्या जागेला कोणी दाम देत नव्हते तिथे. आणि दाम नसण्याचे कारण एकच होते : तिथे पाणी येत असे. नासर्डी सातपूर, अंबडच्या भागातून वाहत येऊन टाकळीजवळ गोदावरीला मिळते. उन्हाळ्यात तिच्यात सांडपाण्याखेरीज काही दिसत नाही. अशा ओढ्यासारख्या नदीच्या काठी शहराने आपल्यासाठी नवा उतार निर्माण केला आणि त्या उतारावर पुन्हा आम्हीच जाऊन बसलो. गावकुसाची रेषा कोणी आखली हे सर्वांना ठाऊक असते. शहरातली ही रेषा बाजारभाव आखतो, म्हणून ती कोणालाच दिसत नाही.

२

गोदावरीचा १९६९ चा महापूर नाशिकच्या बोलण्यात अजून आहे. त्या वेळी गंगापूर धरण बांधून झाले होते. धरणाने पिण्याचे पाणी दिले, शेतीला पाणी दिले, कारखाने आणले. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु धरणाने शहराला एक भ्रमही दिला. वर धरण आहे, आता नदी आवाक्यात आली, असे शहराला वाटू लागले. पात्र अरुंद होत गेले. काठावर भराव पडले, इमारती आल्या, घाटांचे काँक्रीट आले.

वास्तविक पुरासाठी रिकामी जागा ठेवणे आणि उन्हाळ्यासाठी पाणी साठवणे या दोन गोष्टी एकाच धरणाकडून एकाच वेळी होत नाहीत. पावसाळा संपता संपता धरण भरलेले असावे लागते, कारण पुढचे आठ महिने त्यावर काढायचे असतात. नेमका त्याच वेळी मोठा पाऊस झाला तर दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर नसते. सप्टेंबर २००८ मध्ये हेच झाले. शिवाय नासर्डीसारखे जे प्रवाह धरणाच्या खाली गोदावरीला मिळतात, त्यांच्यावर धरणाचा ताबा नाहीच. गोदावरी फुगली की या उपनद्यांचे पाणी पुढे सरकत नाही. ते मागे तुंबते आणि काठच्या घरांत शिरते.

२००८ मध्ये मी बी. ए. च्या पहिल्या वर्षाला होतो. पाणी तिसऱ्या पायरीला लागले तेव्हा आईने आजीचा हात धरला, मी धाकट्या बहिणीला घेतले. बाबा दुसऱ्या पाळीला होते. पत्र्याची एक पेटी राहिली. तिच्यात माझ्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका होत्या, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जुने रेशनकार्ड, वीजबिले आणि आजोबांच्या नावाची एक पावती होती. गुणपत्रिकांच्या दुसऱ्या प्रती मिळाल्या. बाकीचे कागद कधीच मिळाले नाहीत.

त्या कागदांची किंमत काय, हे ज्याने झोपडपट्टीत दिवस काढले नाहीत त्याला समजणार नाही. पुनर्वसनाचा हक्क सिद्ध करायचा तर त्या काळी १ जानेवारी १९९५ पूर्वीपासून तिथे राहत असल्याचा पुरावा लागत असे. पुढे ती तारीख १ जानेवारी २००० झाली. आम्ही १९७२ पासून राहत होतो, पण कागदोपत्री आमचा जन्म पुरानंतरचा ठरला. बाबा एका कचेरीत गेले तेव्हा त्यांना विचारले गेले, "पुरावा आहे का?" बाबा म्हणाले, "पुरात गेला साहेब." साहेब म्हणाले, "मग पूर आला याचा पुरावा आणा." पंचनाम्याच्या यादीत आमची ओळ नव्हती. घर नदीच्या हद्दीत असल्यामुळे ते घर नव्हे, आणि जे घरच नव्हे त्याचे नुकसान कसले, असा त्यामागचा तर्क होता. मी त्या दिवशी बाबांबरोबर होतो. इतिहास हा विषय मी पुढे का घेतला, असे कोणी विचारले तर मला हा प्रसंग आठवतो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच आठवड्यात सराफ बाजार आणि भांडी बाजार यांतला गाळ उपसला जात होता. तो उपसणाऱ्यांत आमच्या वस्तीतली माणसे होती. स्वतःच्या घरातला चिखल तसाच टाकून ती पहाटे झाडू-फावडे घेऊन जात. शहराचा पूर चार दिवसांत ओसरला. आमचा दिवाळीपर्यंत होता.

३

आता नियमांकडे वळू. पूरक्षेत्रात बांधकामावर नियंत्रण असावे यासाठी केंद्र सरकारने १९७५ मध्ये एक नमुना विधेयक तयार करून राज्यांकडे पाठविले. मणिपूरने १९७८ मध्ये आणि राजस्थानने १९९० मध्ये कायदा केला. बहुतेक राज्यांनी ते बाजूला ठेवले. महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा झाला नाही; १९८९ मध्ये पाटबंधारे खात्याचे परिपत्रक निघाले आणि पुढे विकास नियंत्रण नियमांत तरतुदी आल्या. त्यानुसार दोन रेषा मानल्या जातात. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या हिशेबाने निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या हिशेबाने लाल रेषा. निळ्या रेषेच्या आतले क्षेत्र निषिद्ध. निळ्या आणि लाल रेषेमधले नियंत्रित. नाशिकमध्ये या रेषांची खरी चर्चा सुरू झाली ती २००८ च्या पुरानंतर.

रेषा आल्या आणि दोन प्रकारची माणसे अस्वस्थ झाली. पहिली, ज्यांचे भूखंड रेषेत गेले. त्यांनी रेषा मागे घ्या, पात्रातले अडथळे काढा म्हणजे पूर उतरेल आणि रेषाही सरकेल, अशी मागणी केली. दुसरी, ज्यांच्या झोपड्या रेषेत गेल्या. त्यांना मागणी करण्याची जागाच नव्हती. २०२० मध्ये राज्यासाठी जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली तिच्यात दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात जोते लाल रेषेच्या वर उचलण्याच्या अटीवर बांधकामाला वाट आहे. तांत्रिकदृष्ट्या हे योग्य वाटते. परंतु जोते कोण उचलू शकतो? ज्याच्याजवळ भरावाचा पैसा आहे तो. आणि त्याने भराव टाकल्यावर तिथले पाणी कुठे जाते? ज्याच्याजवळ भरावाचा पैसा नाही त्याच्या घरात. पाणी नाहीसे होत नाही, ते फक्त पत्ता बदलते.

समुद्रकिनाऱ्याचा इतिहास याहून वेगळा नाही. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा मोकळा ठेवण्यास सांगितले. त्या विचाराला १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने कायद्याचे रूप मिळाले. पुढे दुरुस्त्यांवर दुरुस्त्या झाल्या. २०११ मध्ये नवी अधिसूचना आली, २०१९ मध्ये आणखी एक. ग्रामीण किनाऱ्यावर पूर्वी भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवी बांधकामे वर्ज्य होती. २०१९ मध्ये दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा अधिक लोकवस्ती असलेल्या भागांत ही मर्यादा ५० मीटरवर आणली गेली. म्हणजे जिथे माणसे अधिक, तिथे समुद्राला जागा कमी.

याहून विचित्र गोष्ट 'धोकारेषे'ची आहे. समुद्राची पातळी वाढणे, किनारा खचणे आणि लाटांचा मारा यांचा हिशेब करून देशाच्या किनाऱ्याची अशी एक रेषा सरकारी खर्चानेच आखली गेली. २०१९ च्या अधिसूचनेने ती आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनासाठी वापरावी असे म्हटले. बांधकामाची हद्द ठरविण्यापासून मात्र ती वेगळी ठेवली. धोका कुठे आहे हे माहीत असावे, पण त्यावरून कोणी कुठे बांधावे हे ठरू नये, असा याचा अर्थ होतो. हवामानबदलाशी नियम जुळवून घ्यायचे असतील तर पहिली दुरुस्ती इथेच केली पाहिजे.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदीचे नाव अनेकांना त्या दिवशी प्रथम कळले. तिच्या काठच्या पाणथळ जागेवर भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले आहे, विमानतळाची धावपट्टी तिच्या पात्रावरून जाते. पुरानंतर नदी रुंद करण्याची मोहीम निघाली तेव्हा हलविल्या गेल्या त्या झोपड्या. संकुल जागेवर आहे, धावपट्टी जागेवर आहे. झोपड्यांनी नाला अडत नव्हता असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की, एकाच पात्रात बसलेल्या दोघांपैकी एकाला विकास म्हणायचे आणि दुसऱ्याला अतिक्रमण, ही नदीची भाषा नव्हे.

आणि महाड. चवदार तळ्याचे महाड आपल्यासाठी पाण्याच्या हक्काचे गाव आहे. ते सावित्रीच्या काठी आहे, आणि सावित्री बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. वरून डोंगरातले पाणी येते त्याच वेळी खालून भरतीचा जोर असला तर पाण्याला वाट राहत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये ज्या दिवशी नाशिकला गोदावरीचा पूर होता, त्याच रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर बुडाले आणि त्याच तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. १९२७ मध्ये जिथे ओंजळभर पाण्यासाठी माणसांना डोकी फोडून घ्यावी लागली, तिथे आज पाणी घरात शिरते. एके काळी पाण्यापर्यंत पोहोचण्याचा हक्क मागावा लागला. आता पाण्यापासून सुरक्षित राहण्याचा हक्क मागावा लागणार आहे. माझ्या मते हे दोन हक्क एकाच लढ्याचे आहेत.

४

येथे बाबासाहेबांच्या एका कार्याची आठवण करून देणे आवश्यक वाटते. व्हाइसरॉयच्या मंडळात १९४२ ते १९४६ या काळात ते मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे हा विषय त्यांच्याकडे होता. १९४३ मध्ये दामोदरला मोठा पूर आला. त्यातून दामोदर खोरे योजना पुढे आली. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी ओरिसातील नद्यांच्या पुराविषयी कटकला परिषद झाली. पूर म्हणजे केवळ आपत्ती आणि पाणी शक्य तितक्या लवकर समुद्रात घालवणे हाच उपाय, ही तोवरची समजूत बाबासाहेबांनी तेथे नाकारली. पाणी ही संपत्ती आहे, ती साठवून शेती, वीज आणि जलवाहतूक या सर्वांसाठी वापरावी, अशी त्यांची भूमिका होती. नदीचा विचार तुकड्यातुकड्याने न करता खोऱ्याचा म्हणून करावा, हे त्यामागचे सूत्र.

त्यानंतर धरणे बांधली गेली, परंतु खोऱ्याचा विचार मागे पडला. धरण एका खात्याचे, पात्र दुसऱ्याचे, काठ महापालिकेचा, कारखाने तिसऱ्याचे. निफाड तालुक्यातल्या सायखेडा-चांदोरीला दर मोठ्या पुरात पाणी शिरते. ते पाणी नाशिकमधूनच गेलेले असते. शहराने आपल्या पात्राचे काय केले याचा हिशेब खालच्या गावाला चुकवावा लागतो. पाणी वरून खाली येते आणि भारही वरून खालीच येतो. ही उतरंड आपल्या परिचयाची आहे.

भरीला पाऊसच बदलला आहे. पुणे येथील उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या २०१७ मधील अभ्यासात मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे दिसून आले. निळी आणि लाल रेषा मागच्या नोंदींवरून आखली जाते. उद्याचा पाऊस कालच्यासारखाच पडेल, हे तिचे गृहीतक आहे. ते गृहीतक ढासळले की रेषाही ढासळते. नाशिकने २००८, २०१६ आणि २०१९ असे अकरा वर्षांत तीन मोठे पूर पाहिले. शंभर वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षे निश्चिंती नव्हे, हे गणित सामान्य माणसाला कोणी समजावूनही सांगितलेले नाही.

५

तर मग आपली भूमिका काय असावी? चळवळीतल्या काही मित्रांचे मत असे की, पूररेषा हे झोपड्या हटविण्याचे नवे हत्यार आहे. म्हणून तिला विरोध करावा. त्यांची भीती निराधार नाही. मिठीचा अनुभव तेच सांगतो. तरीही मी त्यांच्याशी सहमत होऊ शकत नाही. मी त्या पाण्यातून बहिणीला खांद्यावर घेऊन बाहेर पडलो आहे. वस्ती जिथे आहे तिथेच राहू द्या, ही मागणी म्हणजे पुढच्या पुरात आमच्या मुलांना तिथेच राहू द्या, अशी मागणी होते. उताराला राहणे हा आमचा हक्क नव्हता. ती आमच्यावर लादलेली गोष्ट होती. लादलेल्या गोष्टीचे रक्षण करण्यात अस्मिता नाही.

रेषा हवी, परंतु ती सर्वांना सारखी हवी. ती नव्या पावसाच्या हिशेबाने ठराविक वर्षांनी पुन्हा तपासली जावी, आणि मोठ्या नदीपुरती न राहता नासर्डीसारख्या लहान प्रवाहांवरही असावी, कारण गरीब माणूस तिथे राहतो. नकाशा कचेरीच्या कपाटात न ठेवता वस्तीत, मराठीत, चौकाच्या भिंतीवर असावा. जोते उचलण्याची परवानगी देताना ते पाणी कोणाकडे जाईल याचे उत्तर आधी घ्यावे. पंचनामा घराचा न होता माणसाचा व्हावा. घर अधिकृत आहे की नाही हा प्रश्न मदतीच्या वेळी विचारला जाऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे : आधी पुनर्वसन, मग रेषेची अंमलबजावणी. तेही कामाच्या ठिकाणापासून जवळ, याच सातपूरमध्ये. शहराबाहेर दहा मैलांवर दिलेली खोली म्हणजे नवे गावकूस होय.

यासाठी पुरावे लागतील, आणि ते आपल्यालाच गोळा करावे लागतील. गेल्या पावसाळ्यानंतर मी माझ्या विद्यार्थ्यांना एक काम दिले. नासर्डीच्या काठच्या वस्त्यांत जा, म्हाताऱ्या माणसांना भेटा, कोणत्या साली पाणी कुठवर आले ते विचारा आणि भिंतीवरची खूण मोजून तारखेसह लिहून आणा. मुले परत आली ती वह्या भरून. एका आजीने त्यांना सांगितले, "पाणी माझ्या चुलीला लागलं त्या साली माझी थोरली बाळंत झाली." मुलीने तिच्या नातवाच्या जन्मदाखल्यावरून वर्ष काढले : २००८. चुलीची उंची तिने पट्टीने मोजली. पाटबंधारे खात्याच्या नोंदीला जोड देईल असा हा पुरावा आहे, आणि तो बाळंतिणीच्या स्मरणातून आलेला आहे.

आमच्या पेटीतले कागद वाहून गेले तेव्हा आमच्याजवळ दुसरी प्रत नव्हती. आता वह्यांच्या तीन प्रती केल्या आहेत. एक महाविद्यालयात आहे, एक विहारात, वरच्या कपाटात. तिसरी घेऊन आम्ही कचेरीत जाणार आहोत. जिथे जिथे वस्ती काठाला आहे तिथल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे. पुढचा पावसाळा फार दूर नाही.